हलक्या कामाने खांदा का भरून येतो : मान-खांद्याच्या दुखण्याची जोखीम जागेवरच कशी मोजावी

काजू सोलताना चिमटीत असलेला गर जेमतेम दीड-दोन ग्रॅमचा. औषध कारखान्यात बेल्टवरून येणारी गोळ्यांची स्ट्रिप त्याहून थोडीच जड. अशा कामाला सगळीकडे ‘हलके काम’ म्हणतात आणि बहुधा ते बायकांच्या वाट्याला येते. तरी संध्याकाळी खांदा भरून येतो, मान वळत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मालकाला कोडे पडते की एवढ्याशा वजनाने दुखण्यासारखे काय आहे.

खांद्याला पेलावा लागतो तो हात. माणसाच्या एका पूर्ण हाताचे वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के असते, म्हणजे ६० किलोच्या बाईचा एक हात ३ किलोचा. डोके साडेचार-पाच किलोचे. हात सरळ पुढे केला की त्याचा भार खांद्याच्या सांध्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर पडतो. आता त्या पसरलेल्या हातात, ६० सेंटिमीटरवर, अर्ध्या किलोची वस्तू द्या आणि हिशेब करा. हाताचे ३ गुणिले ३०, म्हणजे ९०. वस्तूचे अर्धा गुणिले ६०, म्हणजे ३०. खांद्यावरच्या ताणाचा पाऊण वाटा नुसत्या हाताचा निघाला. वस्तू निम्मी हलकी केली तरी ताण फक्त आठव्या हिश्शाने उतरतो. कोपर अंगाला टेकवून तेच काम केले तर तो निम्म्याहून जास्त उतरतो. खाली दिलेली तपासणी या हिशेबावर उभी आहे. काजू, औषधे, कोळंबी, शिवणकाम, इस्त्री, फुलांच्या माळा, मोबाईल दुरुस्ती यांपैकी कुठल्याही कामाला ती लागू पडते.

स्नायूत काय बिघडते

मानेच्या मागून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस आणि खांद्याच्या हाडाखालून जाणारा सुप्रास्पायनॅटस हे दोन स्नायू इथे महत्त्वाचे. दंड बाजूला सुमारे ३० अंश उचलून धरला की सुप्रास्पायनॅटसच्या आतला दाब इतका वाढतो की त्यातून रक्त नीट फिरत नाही. हातात काही नसले तरी हे घडते. ट्रॅपेझियसची अडचण निराळी आहे. कामाला सुरुवात होताच त्यातले बारीक तंतू सर्वांत आधी जुंपले जातात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत सुटत नाहीत. काम जितके हलके तितके तेच ते तंतू दिवसभर राबतात आणि मोठ्या तंतूंची पाळी येतच नाही. स्वीडनमध्ये १९९१ साली मांडलेली ही उपपत्ती आहे. ती पूर्ण सिद्ध झालेली नसली तरी कामाच्या जागी जे दिसते त्याच्याशी चांगली जुळते.

एके काळी असे मानत की स्नायूच्या पूर्ण ताकदीच्या १५ टक्क्यांपर्यंतचा भार माणूस हवा तितका वेळ धरू शकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा फार खाली आला. दिवसभर सतत राहणारा भार २ टक्क्यांच्या वर जाऊ नये, ५ टक्क्यांच्या वर तर मुळीच नको, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो. नुसता खांदा उचलून बसणे त्याहून जास्त आहे. त्यामुळे ‘जोर कुठे लावावा लागतो?’ या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ असे उत्तर आले तरी तपासणी थांबवू नये. बऱ्याच ठिकाणी ती नेमकी तिथेच थांबते.

तपासणीची तयारी

कॅमेऱ्याचा मोबाईल, शिंप्याची मेजरटेप, खडू, वही आणि ओळंबा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला जड नट बांधला तरी काम होते. एका जागेला पाऊण तास लागतो. सकाळच्या पहिल्या तासात मोजू नका, तेव्हा सगळेच ताठ बसलेले असतात. जेवणानंतर दोन तासांनी जे दिसेल ते खरे.

चित्रण करण्यापूर्वी काम करणारीला कारण सांगा आणि तिची परवानगी घ्या. चेहरा टिपायची गरज नाही. ‘कोण हळू काम करते’ हे शोधायला हेच चित्रण वापरले, तर पुढच्या वेळी कोणीही नेहमीसारखे बसणार नाही आणि मोजमाप फुकट जाईल.

पहिले मोजमाप : काम किती वेळा फिरून येते

दहा नग व्हायला किती सेकंद लागतात ते बघा आणि दहाने भागा. एक फेरी ३० सेकंदांपेक्षा कमी वेळात पुरी होत असेल, किंवा फेरीचा निम्म्याहून अधिक वेळ एकच हालचाल चालत असेल, तर ते पुनरावृत्तीचे काम धरावे. काजू सोलणे, लेबल चिकटवणे, कोळंबीचे डोके काढणे ही सगळी त्यात येतात.

मग मिनिटाला खांदा किती वेळा हलतो ते मोजा. स्वीडनच्या ओसा किल्बोम यांनी १९९४ साली तज्ज्ञांसाठी काही मार्गदर्शक आकडे मांडले. त्यांनुसार खांद्याच्या हालचाली मिनिटाला अडीचपेक्षा जास्त झाल्या, किंवा कोपराच्या वा मनगटाच्या दहापेक्षा जास्त झाल्या, तर जोखीम मोठी. बोटांना मात्र दोनशेपर्यंत मुभा. हे आकडे कायद्याने घातलेली मर्यादा नव्हेत, पण खांदा बोटांच्या तुलनेत किती लवकर कुरकुरतो ते त्यांतून कळते. चार सेकंदांना एक स्ट्रिप उचलणारीचे मिनिटाला १५ उचल होतात. प्रत्येक उचलीला दंड हलत असेल तर ती अडीचच्या सहापट झाली. स्ट्रिप कोपराच्या टप्प्यात आली तर याच १५ हालचाली कोपराच्या खात्यात जातात. तिथेही मर्यादा ओलांडलेलीच आहे, पण खांदा सुटतो. दंड हलतो की फक्त कोपरापुढचा हात हलतो, हे म्हणूनच वेगळे नोंदवावे.

दुसरे मोजमाप : वीस फ्रेम

मोबाईल कामाच्या बाजूला, तीन मीटरवर, खांद्याच्या उंचीला ठेवा. आधी ताठ बसून समोर बघतानाचा एक फोटो घ्या. तो तुलनेसाठी. मग पाच मिनिटे चित्रण करा. नंतर ते दर १५ सेकंदांना थांबवत बघा. वीस फ्रेम मिळतात आणि प्रत्येक फ्रेमला तीन गोष्टी टिपायच्या.

दंड किती पुढे किंवा बाजूला गेला आहे? अंश मोजायचे साधन नको. खांद्यापासून ओळंबा सोडला तर कोपर त्या रेषेपासून किती दूर आहे ते बघा. दंडाची लांबी ३० सेंटिमीटर धरली, तर कोपर १० सेंटिमीटर दूर म्हणजे साधारण २० अंश, १५ दूर म्हणजे ३० अंश, २१ दूर म्हणजे ४५ अंश. बाजूला जाणारे कोपर बाजूच्या चित्रणात दिसत नाही, त्यासाठी एक मिनिट पाठीमागून टिपा.

मान ताठ फोटोच्या मानाने किती वाकली आहे? २० अंशांच्या पुढे गेली की नोंद करा, ३० च्या पुढे गेली की ठळक करा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तपासणी-पत्रकात दिवसभरात एकूण दोन तासांहून अधिक मान ३० अंशांपेक्षा जास्त वाकलेली किंवा कोपर खांद्याच्या वर असेल, तर ती जागा सावधगिरीच्या यादीत जाते. सात तासांच्या कामात दोन तास म्हणजे वीसपैकी सहा फ्रेम.

तिसरी गोष्ट बहुतेक पत्रकांत नसते, आणि ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते : किती फ्रेममध्ये दोन्ही हात मांडीवर किंवा टेबलावर निवांत टेकलेले आहेत आणि खांदे खाली उतरलेले आहेत? वीसपैकी शून्य किंवा एक आली तर बाकी सगळे आकडे बरे असले तरी ती जागा आधी हाती घ्या. राबणाऱ्या तंतूंना सुटकाच मिळत नाही असा तिचा अर्थ होतो.

तिसरे मोजमाप : माणसे

प्रत्येकीला एकेकटीला तीन प्रश्न विचारा. गेल्या सात दिवसांत मान किंवा खांदा दुखला का? त्यामुळे कामात किंवा घरच्या कामात अडले का? दुखणे झोपून उठल्यावर उरते का? पहिले दोन प्रश्न १९८७ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या नॉर्डिक प्रश्नावलीच्या धर्तीचे आहेत. तिसरा दुखण्याची पायरी ठरवायला लागतो. ‘तुम्हांला काही त्रास आहे का?’ असे मोघम विचारले तर आपल्याकडे उत्तर ‘नाही’ असेच येते, विशेषतः सुपरवायझर शेजारी उभा असेल तर.

शिवाय वय, चष्मा, मधुमेह, घरी किती काम पडते आणि हा धंदा किती वर्षांचा, एवढे लिहून ठेवा. घरची विळी, धुणे आणि पाण्याच्या कळशा खांद्याच्या खात्यात जमा होतातच.

दुरुस्ती उंचीपासून सुरू करा

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९७ साली सहाशेहून अधिक अभ्यास पडताळून निष्कर्ष काढला की मान आणि मान-खांद्याच्या दुखण्याशी सर्वांत भक्कम संबंध दीर्घकाळ धरलेल्या अवघड ठेवणीचा आहे, आणि खांद्याच्या बाबतीत पुनरावृत्ती व उचललेला दंड या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. वेग कमी करायला मालक सहसा राजी नसतो. उंची बदलायला हरकत घेणारा क्वचितच भेटतो, आणि खर्चही ठोकळ्यांपुरताच असतो.

छोट्या कारखान्यांतली नेहमीची मांडणी घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची, बैठक ४३ सेंटिमीटर उंच. ७५ सेंटिमीटरचे टेबल. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर आपल्या बायकांत साधारण २० ते २४ सेंटिमीटर भरते. २१ धरले तर कोपर जमिनीपासून ६४ वर, आणि टेबल त्याच्या ११ सेंटिमीटर वर. हात टेबलावर आणायला खांदे तरी उचलावे लागतात किंवा कोपरे तरी फाकवावी लागतात. आठ तास. वर खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडतात, त्यामुळे माणूस मागे राहतो आणि हात पुढे ताणतो. एकाच खुर्चीने दोन चुका केल्या.

उपाय असा. हात नसलेली खुर्ची घ्या. कडक फोमची गादी घालून बैठक आठ-दहा सेंटिमीटरने उचला. गादी दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर बसते, तेवढा फोम जास्त घ्या. आता पाय लटकतील, म्हणून त्याच उंचीची लाकडी फळी पायाखाली द्या. ही फळी विसरली तर मांडीखाली कड रुतते, बाई खुर्चीच्या टोकावर सरकते आणि पाठीचा टेका सुटतो. गादीला नावे ठेवली जातात, दोष असतो न दिलेल्या फळीचा.

उभ्याने काम असेल तर कोपराची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण ६३ टक्के धरा. १५० सेंटिमीटरच्या बाईचे कोपर ९५ वर, १७० च्या पुरुषाचे १०७ वर. दोघांना एकच टेबल देऊन भागत नाही. टेबल उंच माणसाला बेतून करावे आणि ठेंगण्याला पायाखाली मंच द्यावा, उलट करू नये. टेबल खाली आणून उंच माणसाला वाकवले तर त्याला दुसरा इलाज राहत नाही. मंच किमान ९० बाय ६० सेंटिमीटरचा, न घसरणारा, आणि दोन जागांमध्ये फट न राहील असा लांब असावा. अरुंद मंचावरून पाय घसरून पडणे हा खांद्यापेक्षा मोठा अपघात आहे.

पृष्ठभाग कोपरापेक्षा किती वर-खाली असावा हे कामावर ठरते. भरणे, बांधणे, चिकटवणे यांसाठी कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली. दाबून कापणे, कणीक मळणे, जोराचे काम असेल तर १५ ते ४० खाली. डोळ्यांचे बारीक काम, म्हणजे साल काढणे, गोळ्या तपासणे, सोल्डरिंग, हे कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर. इथे गोंधळ होतो, कारण आत्ताच ११ सेंटिमीटर वरच्या टेबलाला आम्ही दोष दिला. बारीक कामाचे टेबल वर असते ते कोपरापुढचा हात त्यावर टेकलेला राहावा म्हणून. टेका असेल आणि खांदा उचलला जात नसेल तरच वरची उंची चालते. टेबलाची कड मोकळी ठेवा, तिच्यावर दोन सेंटिमीटर फोम आणि रेक्झिन लावा. धारदार कडेवर कोणी हात टेकत नाही.

टेबल उचलायला पायाखाली लाकडी ठोकळे चालतात, पण ठोकळ्यात दोन-तीन सेंटिमीटरचा खळगा करून त्यात पाय बसवावा, नुसत्या सपाट ठोकळ्यावरून तो सरकतो. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांची मान सर्वांत जास्त वाकते, कारण काम मांडीवर येते. गोव्यात म्हार्दोळ, मंगेशीच्या देवळांपाशी फुले गुंफणाऱ्यांना आठ-दहा सेंटिमीटरचा पाट आणि समोर तीस-पस्तीस सेंटिमीटरचा, पुढून मोकळा चौरंग दिला की फुले डोळ्यांच्या जवळ येतात आणि हात टेकतात.

टप्पा, उतार, उजेड

कोपर अंगाला टेकवून कोपरापुढचा हात डावी-उजवीकडे फिरवा आणि टेबलावर खडूने कमान काढा. ३५ ते ४० सेंटिमीटरची ती कमान. मिनिटाला एकदा तरी जे हातात घ्यावे लागते ते तिच्या आत. काजूच्या टेबलावर हमखास कच्च्या गरांची टोपली पुढे आणि सालींचा डबा खाली बाजूला असतो. टोपली आत ओढा. सालींसाठी टेबलालाच कमानीच्या आत भोक पाडून डबा त्याखाली ठेवा, म्हणजे साल हाताने बाजूला टाकायची फेरी संपते.

ताट थोडे तिरके केले की मान आपोआप उचलते. ३० सेंटिमीटर लांबीच्या ताटाची मागची कड ८ सेंटिमीटर उचलली तर १५ अंशांचा उतार मिळतो. गर घरंगळू नयेत म्हणून पुढच्या कडेला एक सेंटिमीटरची पट्टी मारा.

ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर स्वतःची सावली कामावर पडते आणि माणूस वाकतो. ती पुढे-वर घ्या. चाळिशीनंतर जवळचे धूसर होते आणि बायफोकल, म्हणजे वर दूरची आणि खाली जवळची काच असलेला, चष्मा लागला असेल तर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते. मान मागे टाकून तास न् तास तपासणी करणे पुढे वाकण्याइतकेच वाईट. डोळ्यांच्या डॉक्टरला कामाचे अंतर टेपने मोजून सांगावे आणि फक्त त्या अंतराचा चष्मा मागावा.

गारवा आणि पकड यांचा उल्लेख थोडक्यात. बर्फातल्या कोळंबीने बोटे बधिर झाली की पकड घट्ट होते, आणि मूठ जितकी आवळावी तितका खांदाही आवळला जातो. आत सुती, बाहेर रबरी हातमोजे, हाताच्या मापाचे. ढिले मोजे घट्ट धरायला लावतात. बोथट सुरीचेही तेच, दर पाळीला धार लावा.

खांद्याच्या वरचे काम

चतुर्थी जवळ आली की गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळांत दिवसरात्र रंगकाम चालते. मोठ्या मूर्तीचा मुकुट रंगवणारा तासन् तास हात डोक्याच्या वर धरतो. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवली आणि उभ्या माणसाची उंची मंचाने वाढवली की ब्रश छातीच्या पातळीला येतो. डोळे आखताना दुसऱ्या हातात काठी धरून तिच्यावर मनगट टेकवावे, पाट्या रंगवणारे जुने रंगारी असेच करत. माटोळी, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची लाकडी चौकट, बांधताना ती खाली उतरवता येत असेल तर कमरेच्या पातळीवर फळे बांधून मग ती वर चढवावी. चौकट पक्की असेल तर भक्कम स्टूल घ्या, दोघे आलटून-पालटून बांधा, आणि एका वेळी मिनिटभराहून जास्त हात वर ठेवू नका.

वेग, मजुरी आणि आलटापालट

नगावर मजुरी असेल तर विश्रांती म्हणजे खिशाला चाट, आणि सांगितलेली विश्रांती कोणी घेत नाही. कामाचा रेटा मोठा आणि वेग ठरवण्यात आपला हात नाही, हे जुळून आले की मान-खांद्याची दुखणी वाढतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणून विश्रांतीची मिनिटे मजुरीत धरलेली असावीत. बेल्टवर दोन जागांच्या मध्ये दहा-पंधरा नगांचा साठा राहील इतकी जागा ठेवली की एकीने मिनिटभर हात खाली घेतले तरी पुढची खोळंबत नाही.

दर वीस मिनिटांना अर्धा-एक मिनिट हात मांडीवर टाकून खांदे सैल सोडणे, आणि दर तासाला पाच मिनिटे उठणे, ही चांगली वाटणी. दोन तासांनी एकदाच पंधरा मिनिटे दिली तर तितका उपयोग होत नाही. अमेरिकेत डेटा-एन्ट्री करणाऱ्यांना नेहमीच्या सुट्यांखेरीज दिवसाला पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्या दिल्या, तेव्हा दुखणे कमी झाले आणि काम घटले नाही. ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, मालकाला दाखवायला ती बरी. या पाच मिनिटांत मान खाली घालून मोबाईल बघितला तर मानेच्या दृष्टीने ती सुट्टी नव्हेच.

आलटापालटीचा आग्रह सगळे धरतात आणि चुकीच्या जागांमध्ये करतात. सोलणे आणि प्रतवारी ही नावाने दोन कामे, खांद्याला एकच : बसलेले, मान वाकलेली, हात पुढे. वीस फ्रेमची नोंद शेजारी ठेवून बघा. दोन्ही जागांना सारख्याच खुणा असतील तर अदलाबदल फोल आहे. सोलण्यानंतर पायाने चालवायच्या यंत्रावर पिशव्या सीलबंद करणे, वजन लिहिणे, ताटे वाळत घालणे असे काही द्यावे. जड क्रेट उचलायला मात्र पाठवू नये, थकलेल्या ट्रॅपेझियसवर लटकते ओझे हा सौदा महागात पडतो.

हंगामी धंद्यात आणखी एक सापळा आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ऑगस्टमध्ये माल एकदम येतो. सवय सुटलेल्या स्नायूंवर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी पडते. पहिल्या आठवड्यात ओव्हरटाइम देऊ नका, निम्म्या पाळीनंतर काम बदला. नव्याने रुजू झालेल्यांना आणि आजारपणातून परतलेल्यांनाही हाच नियम.

व्यायामाचे एवढेच

नुसता ताण देणारे व्यायाम बरे वाटतात, फार काही बदलत नाहीत. बळ वाढवणारे बदलतात. डेन्मार्कमधल्या चाचण्यांत रबरी पट्टीने दिवसाला दोन मिनिटे केलेल्या एका व्यायामाने दहा आठवड्यांत कार्यालयात काम करणाऱ्यांचे मान-खांद्याचे दुखणे कमी झाले. पट्टीवर उभे राहा, टोके दोन्ही हातांत घ्या, कोपरे किंचित वाकलेली. हात बाजूला, जरासे पुढून, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, त्याच्या वर नको, आणि सावकाश खाली आणा. पट्टी नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या. उचलताना टोचणारी कळ आली तर थांबावे. वाईट टेबलावर आठ तास बसवून वर हा व्यायाम दिला तर फायद्याची आशा करू नका.

दुखणे कुठल्या पायरीवर आहे

संध्याकाळी दुखते आणि सकाळी जाते, ही पहिली पायरी. जागा सुधारून बहुधा भागते. सकाळीही उरते, कामाला बसताच वाढते, ही दुसरी. जागेबरोबर कामही काही आठवडे बदलावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. रविवारच्या सुट्टीनंतरही तसेच, रात्री झोपमोड, भाराशिवायही कळ, ही तिसरी. इथे डॉक्टर हवाच. गोव्यात ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असलेल्या कामगारांना मडगावचे ईएसआय हॉस्पिटल आहे, बाकीच्यांना जिल्हा इस्पितळे आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून रोज गिळत काम रेटणे मात्र नको. या गोळ्यांनी पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब-मधुमेह असेल तर लवकर.

मधुमेहाचा मुद्दा गोव्यात वेगळा काढायला हवा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यांत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. मधुमेह्यांना खांदा आखडण्याचा विकार इतरांपेक्षा जास्त होतो. कोपर अंगाला टेकवून पंजा बाहेर फिरवता येत नसेल, दुसऱ्याने फिरवला तरी जात नसेल, तर ते नुसते कामाचे दुखणे समजू नका, साखर तपासून घ्या. हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखत असेल तर खांद्याच्या कंडऱ्यांकडे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांकडे, संशय जातो. मानेतून हातात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ उतरते आणि पकड सुटते, तर मानेतली नस दबलेली असू शकते. गरम शेक १५-२० मिनिटे चालेल, पण मधुमेहाने त्वचा बधिर असेल तर शेकाने भाजल्याचे कळत नाही.

चालताना पाय अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा वजन उतरण्याबरोबरचे दुखणे, पडल्यानंतरचे दुखणे, यांत थांबू नये. खांदा-हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर १०८ ला फोन करा, चोळत बसू नका.

बदलानंतर पुन्हा मोजणे

बदल एका वेळी एक करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. उंची आधी, मग टप्पा, मग विश्रांतीची वाटणी. प्रत्येक बदलानंतर तीन-चार दिवस अवघडल्यासारखे वाटते, नवीन ठेवणीला निराळे स्नायू लागतात, आणि नेमके तेव्हाच ‘जुनेच बरे होते’ असे ऐकू येते. दोन आठवडे तरी थांबा. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच कोनातून पाच मिनिटे पुन्हा टिपा आणि तेच तीन प्रश्न विचारा. निवांत हातांच्या फ्रेम शून्यावरून तीन-चारवर आल्या तर दिशा बरोबर आहे. जमलेली उंची खुर्ची-टेबलाच्या पायावर रंगाच्या पट्टीने खूण करून ठेवा, प्रत्येकीचा रंग वेगळा. साफसफाईच्या वेळी ठोकळे आणि गाद्या इकडच्या तिकडे होतात आणि मग कोणाची खुर्ची कुठली ते ओळखू येत नाही.